मागचे टायर रुंद, पुढचे जुने: रावेरच्या एका डस्टरचं प्रकरण

गाडी रेनॉ डस्टर, डिझेल, ऑल-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद देणारी), सेकंड-हँड घेतलेली. मालक रावेर तालुक्यातले केळी बागायतदार. गावात त्यांना नाना म्हणतात, इथेही तेच म्हणू. तक्रार तीन वाक्यांत मावणारी होती: गाडी जड ओढते, हायवेला मागून जळाल्यासारखा वास येतो आणि मीटरमध्ये फोर बाय फोरचा नि एबीएसचा दिवा लागतो. आमच्याकडे जळगावला येण्याआधी एका गॅरेजमध्ये त्यांना सांगितलं गेलं होतं की मागचं कपलिंग (मागच्या चाकांना ताकद जोडणारा भाग) गेलंय, बदलावंच लागेल. लाखाच्या पुढचा आकडा कागदावर लिहून दिला होता आणि तो कागद नानांच्या सदऱ्याच्या खिशात होता.

दिव्यांचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. "दिवा लागून राह्यला, पण गाडी त चालते ना भाऊ!" त्यांना खटकत होता तो वास. मे महिना, जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिसाला टेकलेला. रावेरहून सावदा, भुसावळ करत येताना दोनदा थांबून त्यांनी गाडीखाली वाकून पाहिलं होतं.

गाडी लिफ्टवर घ्यायच्या आधीच उत्तराचा अर्धा भाग मागून दिसत होता. पुढे कंपनीच्या मापाचे २१५/६५ आर १६ टायर, चांगले झिजलेले. मागे कोरे करकरीत २३५/७० आर १६, तेही आठ इंची रुंद काळ्या अलॉयवर. चाकं मडगार्डच्या बाहेर आलेली. गाडी मागून दमदार दिसत होती हे कबूल करायला हवं, आणि नानांच्या मुलाला तेच हवं होतं.

हे टायर आले कुठून

मागचे दोन टायर कापले गेले होते. शेतरस्त्याला खुंट लागला असावा. बदलायचेच आहेत तर रुंद घालू, असं घरात ठरलं. त्यामागे दोन कारणं. एक दिसण्याचं. दुसरं पावसाळ्याचं: केळीच्या बागेत जाणारा रस्ता काळ्या मातीचा, पहिला पाऊस पडला की तिथे गाडी मागून सरकते. मागचं चाक रुंद असलं की पकड वाढेल आणि फोर बाय फोर गाडी आहे म्हटल्यावर मग अडायचं कशाला, असा हिशोब.

दुकानदाराने टायर गाडीला लावून पाहिला, चाक हाताने फिरवलं, कुठे घासत नाही याची खात्री केली आणि बिल केलं. २३५/७० आर १६ हा जुन्या टाटा सफारीचा साइज, त्यामुळे दुकानात मिळाला आणि भावातही बसला. "बसतो का?" एवढंच पाहिलं गेलं. साध्या गाडीला तेवढं पुष्कळदा पुरतंही. ऑल-व्हील ड्राइव्हला पुढचा प्रश्न विचारावा लागतो: पुढचं आणि मागचं चाक एका फेऱ्यात सारखंच अंतर कापतं का?

गाडी आतून कशी चालते

डस्टरच्या या मॉडेलमध्ये गिअर लिव्हरजवळ एक गोल नॉब आहे: टू-डब्ल्यूडी (दोनच चाकं), ऑटो, लॉक. नेहमी ऑटोवर चालवायची. तेव्हा गाडी मुख्यतः पुढच्या चाकांवर ओढते. पुढून ताकद नेणारा एक दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, मागे जातो आणि मागच्या डिफरन्शिअलच्या (डाव्या-उजव्या चाकाला ताकद वाटणाऱ्या गिअरच्या) तोंडाशी एक विद्युतचुंबकीय कपलिंग असतं. त्याच्या आत क्लच प्लेट्स. चारही चाकांना एबीएसचे सेन्सर आहेत. पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त वेगाने फिरायला लागली की कंट्रोल युनिट समजतं, पुढे घसरतंय. मग ते कपलिंग आवळतं आणि ताकद मागे जाते. लॉकवर ते कमी वेगाला कायम आवळलेलं राहतं.

आता मागचं चाक मोठं केलं तर काय होतं ते पाहा. मोठं चाक तेच अंतर कापायला कमी फेरे घेतं. म्हणजे सरळ, कोरड्या, डांबरी रस्त्यावर, काहीही घसरत नसताना, पुढची चाकं मागच्यांपेक्षा कायम जास्त फिरतात. कंट्रोल युनिटला डोळे नाहीत. त्याला दिसते ती फक्त फेऱ्यांची तफावत. ते इमानेइतबारे कपलिंग आवळतं, प्लेट्स एकमेकींवर घासतात, तापतात. घसरण असती तर ती क्षणात संपली असती. इथे ती टायरच्या मापातच आहे, त्यामुळे गाडी थांबेपर्यंत संपत नाही.

नानांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे जोडीतला एक बैल लांब टांगेचा." बरोबर. फक्त इथे दोन बैलांमधलं जू तापत होतं.

महिंद्रा एक्सयूव्ही ५०० आणि ७०० ची ऑल-व्हील ड्राइव्ह मॉडेलं, मारुतीची ग्रँड विटारा ऑलग्रिप, टोयोटा हायरायडर, ह्युंदाई टुसॉन या सगळ्यांचं तत्त्व थोड्याफार फरकाने हेच. थार, जिमनी, स्कॉर्पिओ-एन वेगळ्या जातीच्या. त्यांत टू-एच ला (दोन चाकांवर) मागचाच अ‍ॅक्सल, म्हणजे चाकांची जोडी, चालतो आणि पुढचा सुटा असतो, म्हणून मापाची गफलत लपून राहते. फोर-एच ला (चार चाकांवर) घातलं की पुढचा नि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात आणि तिथे घासायला क्लचही नसतो. ताण थेट ट्रान्स्फर केसवर, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर येतो.

टेप आणि खडू

टायरवर छापलेल्या आकड्यांवरून गणित सोपं आहे. २१५/६५ आर १६ म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ६५ टक्के, रिम १६ इंची. नव्या टायरचा व्यास येतो ६८६ मिमी, परीघ २,१५५ मिमी. २३५/७० आर १६ चा व्यास ७३५ मिमी, परीघ २,३१० मिमी. फरक ७.२ टक्के. कागदावर एका किलोमीटरला पुढचं चाक ४६४ फेरे घेतं, मागचं ४३३.

पण हे झाले कोऱ्या टायरचे, हवेत अधांतरी फिरणाऱ्या चाकाचे आकडे. प्रत्यक्षात गाडीच्या वजनाने टायर खाली दबतो आणि एका फेऱ्याचं अंतर साधारण तीन टक्क्यांनी घटतं. शिवाय झीज. रबर एक मिलिमीटर झिजलं की परीघ ६.३ मिलिमीटरने कमी होतो. म्हणून आम्ही अशा गाडीला छापील आकड्यावर सोडत नाही. शेडच्या सपाट फरशीवर गाडी उभी केली, चारही टायरची हवा गाडीच्या दारावरच्या स्टिकरप्रमाणे केली, पुढच्या आणि मागच्या टायरवर जमिनीला टेकलेल्या जागी खडूची रेघ मारली, फरशीवरही तिथेच खूण केली. नॉब टू-डब्ल्यूडीवर, गिअर न्यूट्रलमध्ये. दोन मुलांनी गाडी हळूहळू ढकलली. रेघ पाचव्यांदा जमिनीला टेकली तिथे पुन्हा खूण.

पुढचं चाक पाच फेऱ्यांत १० मीटर ३३ सेंटिमीटर गेलं. मागचं ११ मीटर २० सेंटिमीटर. नानांचा मुलगा टेपचं दुसरं टोक धरून होता. त्या दोन खुणांमधलं ८७ सेंटिमीटर अंतर पाहून तो म्हणाला, "एवढं?" तोपर्यंत त्याला वाटत होतं की आम्ही उगाच टायरवर ढकलतोय.

टक्केवारी ८.४ निघाली. छापील ७.२ वरून ही वाढ झाली ती पुढच्या टायरच्या झिजेमुळे. गेजने पुढची नक्षी चार मिलिमीटर भरली. नवीन टायरला ती आठच्या आसपास असते. आता हाच फरक रस्त्यावर नेऊ. ताशी ८० च्या वेगाला पुढची चाकं मिनिटाला ६४५ फेरे घेतात, मागची ५९५. दर मिनिटाला ५० फेऱ्यांची तफावत. कपलिंग बसतं डिफरन्शिअलच्या आधी, तिथे हा आकडा डिफरन्शिअलच्या गिअरच्या प्रमाणात आणखी वाढतो. रावेर ते जळगाव, भर उन्हात, खाली तापलेलं डांबर. वास येणारच.

कंपन्या किती फरक चालवून घेतात? सुबारू आपल्या ऑल-व्हील ड्राइव्ह गाड्यांना चार टायरच्या परिघांत पाव इंचापेक्षा, म्हणजे सहा-साडेसहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको म्हणते. ती फार कडक अट आहे, सगळ्या गाड्यांना ती तशीच लावायची गरज नाही. पण इथे एका फेऱ्याला १७४ मिलिमीटर होते. अशा फरकाला कोणत्याच कंपनीची गाडी माफ करणार नाही.

दिवा काय सांगत होता

स्कॅनर लावल्यावर चाकांच्या वेगात मेळ नसल्याचे आणि कपलिंग तापल्याचे कोड निघाले. कंट्रोल युनिटने ठराविक तापमानानंतर कपलिंग सोडून दिलं होतं आणि गाडी आपोआप दोन चाकांवर आणली होती. दिवा त्याचा. जळलेलं कपलिंग आणि स्वतःला वाचवण्यासाठी सुटलेलं कपलिंग, दोन्हींचा दिवा एकच. आधीच्या गॅरेजने इथेच घाई केली. कोड वाचला, टायर वाचले नाहीत.

यातली गंमत, म्हणजे नानांसाठी ती गंमत नव्हतीच, आमच्याकडे येण्याच्या आदल्या आठवड्यातली. वळवाचा पाऊस पडला, बागेच्या रस्त्यावर गाडी रुतली. मागे रुंद, कोरे टायर. पुढची झिजकी चाकं जागेवर गरगर फिरत राहिली आणि मागची हललीच नाहीत, कारण गाडी तोवर फोर बाय फोर उरलेलीच नव्हती. शेवटी ट्रॅक्टरने ओढली. ज्या चिखलासाठी टायर घातले, त्या चिखलात त्याच टायरांनी मागची ताकद काढून घेतली होती.

तिथून निघाल्यावर, तोवर कपलिंग थंड होऊन पुन्हा जोडलं गेलं होतं, कुणाच्या तरी सल्ल्याने नानांनी नॉब लॉकवर ठेवला आणि गावातल्या सिमेंट रस्त्यावर तसेच फिरले. गाडी हँडब्रेक ओढल्यासारखी चालत होती, वळताना टायर चिरकत होते. जड ओढते ही तक्रार मुख्यतः त्या दिवसांतली. लॉक हा मोड सैल माती, वाळू, चिखलासाठी असतो. तिथे चाक थोडं सरकून ताण सोडू शकतं. कोरड्या सिमेंटवर सरकायला जागाच नाही. चारही टायर सारखे असले तरी तिथे लॉक नको, कारण वळणावर पुढची आणि मागची चाकं मुळातच वेगवेगळं अंतर कापतात.

"मग बीएमडब्ल्यूला कसं चालतं?"

हा प्रश्न मुलाचा, मोबाइलवर फोटो काढून विचारलेला. चांगला प्रश्न आहे, कारण बीएमडब्ल्यू एक्स५ ही ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी कंपनीतूनच मागे रुंद टायर घेऊन येत होती: पुढे २७५/४० आर २०, मागे ३१५/३५ आर २०. मुलाला कागद-पेन दिलं. २७५ चे ४० टक्के ११०. ३१५ चे ३५ टक्के ११०.२५. रिम दोन्हीकडे २० इंची. व्यास पुढे ७२८, मागे ७२८.५. रुंदीत ४० मिलिमीटरचा फरक, व्यासात अर्ध्या मिलिमीटरचा. निसान जीटी-आरचंही तसंच: पुढे २५५/४० आर २०, मागे २८५/३५ आर २०, व्यास ७१२ आणि ७०७.५, फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास.

तेव्हा ऑल-व्हील ड्राइव्हला मागे रुंद टायर चालतच नाहीत हे जे सरसकट सांगितलं जातं, ते मला पटत नाही. रुंदी वाढवली की बाजूची उंची त्या मानाने कमी टक्क्याची घ्यायची, म्हणजे परीघ जागेवर राहतो. डस्टरला हेच करायचं असतं तर मागे २३५/६० आर १६ बसला असता. व्यास ६८८, पुढच्या कोऱ्या टायरपेक्षा जेमतेम अडीच मिलिमीटर जास्त. फरक ०.४ टक्के. साडेसहा इंची मूळ रिमवरही तो बसतो. हा पर्याय आम्ही नानांसमोर खरोखर ठेवला.

पण त्यातही एक मेख आहे. या गाडीत पुढची चाकं ओढतात, वळतात आणि ब्रेकचा मोठा भार घेतात, म्हणून पुढचे टायर आधी झिजतात. सारखे टायर असले की पुढचे मागे, मागचे पुढे करून झीज वाटून घेता येते. मागे रुंद घातले की अदलाबदल बंद. कोरे असताना ०.४ टक्क्यावर असलेला फरक पुढे चार मिलिमीटर जास्त झीज झाली की दीड टक्क्यावर जातो आणि मग पुढचे टायर आयुष्य शिल्लक असताना बदलावे लागतात. हौस असेल त्याने खुशाल करावं. रोज बाग, बाजार, जळगाव करणाऱ्याला हे परवडत नाही.

दुसरं, पकड नेमकी कुठे हवी? ऑटोवर गाडी पुढून ओढते. मागची पकड वाढवली आणि पुढची झिजकी ठेवली तर वळणावर गाडीचं नाक बाहेर जातं. नानांना सातपुड्यातल्या पाल गावाकडच्या चढ-उतारावर हे जाणवलं होतं. स्टिअरिंग जास्त कापावं लागतं, असं ते म्हणाले. त्यांनी ते अलाइनमेंटवर ढकललं होतं. अलाइनमेंट तपासली, ती ठीक होती.

काळ्या मातीत रुंदीचा उपयोगही जेवढा वाटतो तेवढा नसतो. ओली काळी माती चिकट. ती खाचांत भरते आणि चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत गोळा होतो. तिथे काम करते ती नक्षी: खाचा मोठ्या, मोकळ्या, फिरताना माती बाहेर फेकणाऱ्या. नानांच्या रुंद टायरची नक्षी हायवेची होती, बारीक खाचांची.

रिमचं वेगळंच

मूळ रिम साडेसहा इंची, ऑफसेट (रिमच्या मध्यापासून ती गाडीला टेकते त्या जागेचं अंतर, मिलिमीटरमध्ये) ५०. नवी आठ इंची, ऑफसेट ३०. आकडेमोड केली तर चाकाची आतली कड जवळपास तिथेच राहते आणि बाहेरची ३९ मिलिमीटर बाहेर येते, प्रत्येक बाजूला. बेअरिंगवर पडणारा भार २० मिलिमीटर बाहेर सरकतो. मागे चार माणसं नि सामान भरलं की टायर मडगार्डच्या कडेला लागत होता. कडेवरचा रंग आतून घासून चकचकीत झालेला दिसला.

आणखी एक गोष्ट चाक काढल्यावर हाती आली. मूळ रिमचं मधलं भोक ६६.१ मिलिमीटरचं, हबवर (चाक ज्या गोल भागावर चढतं त्यावर) घट्ट बसणारं. बाजारातल्या अलॉयचं ७३.१. मधली पोकळी भरायला रिंग लागते, ती बसवलेलीच नव्हती. चाक फक्त नटांवर तोललेलं. ताशी नव्वदला येणारी थरथर त्याची. नानांनी ती तक्रार सांगितलीच नव्हती, रस्ता खराब आहे असं त्यांना वाटायचं. आपल्याकडच्या रस्त्यांवर असले पुष्कळ दोष असेच खपून जातात.

कायद्याचंही बोलणं झालं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात मालकाला मनाजोगा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच बाजू उचलून धरली. कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. मडगार्डबाहेर आलेलं चाक आरटीओच्या माणसाला लांबूनच दिसतं आणि अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरला तर पहिलं तेच दिसतं.

काय केलं

कपलिंग बदललं नाही. मागच्या डिफरन्शिअलचं तेल काढलं. ते काळपट होतं पण त्यात धातूचा चुरा नव्हता, नवीन भरलं. मूळ रिम नानांच्या खळ्यात पोत्याखाली होत्या, त्या मागवल्या. चार नवे टायर, चारही २१५/६५ आर १६, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, ऑल-टेरेन जातीचे, भारक्षमता मूळ टायरएवढी. चारच्या जागी दोनच घेऊन भागवता येईल का, हे नानांनी स्वाभाविकच विचारलं. पुढचे चार मिलिमीटर उरलेले नि मागचे आठ, म्हणजे एका फेऱ्याला २५ मिलिमीटर, सव्वा टक्का फरक. एकदा तापून निघालेल्या कपलिंगला तो पुन्हा द्यायचा नव्हता. कपलिंगच्या कोटेशनसमोर चार टायरचा खर्च ठेवल्यावर चर्चा लवकर संपली.

टायर येईपर्यंत गाडी घरी न्यायची होती. नॉब टू-डब्ल्यूडीवर ठेवून जा, एवढंच सांगितलं. त्या स्थितीत कपलिंग मोकळं असतं, मापातला फरक त्याला जाळत नाही. वाटेत वेगवेगळ्या मापाचा टायर घालायची वेळ आलीच, तर टू-डब्ल्यूडीची सोय असलेल्या अशा गाडीला हा तात्पुरता उपाय चालतो. मात्र वेगळ्या मापाचं चाक एकाच अ‍ॅक्सलच्या एका बाजूला असेल तर त्या अ‍ॅक्सलचा डिफरन्शिअल सतत फिरत राहतो, तेव्हा तिथेही फार लांब जाऊ नये.

नवे टायर बसल्यावर पुन्हा खडू, पुन्हा टेप. पाच फेऱ्यांत पुढचं-मागचं सेंटिमीटरभराच्या आत. कोड पुसले, दिवे गेले, परत आले नाहीत. जळगाव-भुसावळ जाऊन येऊन कपलिंगच्या घरावर तापमानाची बंदूक धरली, मागच्या डिफरन्शिअलइतकंच गरम. पाऊस लागल्यावर नाना बागेत गाडी घालून आले. फोनवर त्यांनी पहिलं सांगितलं ते हे की मागची चाकं आता ढकलतात, ते बसल्या जागी कळतं. कपलिंगचं काही आयुष्य त्या महिन्यात गेलंच असणार. पण बदलायची वेळ आलेली नव्हती.

२३५/७० चे दोन्ही टायर एका सफारीवाल्याने घेतले, त्याच्या गाडीला ते हक्काचेच. अलॉयचा व्यवहार मुलगा अजून बघतोय.

राहिली स्टेपनी. ती मूळ मापाचीच, कधी न वापरलेली, नक्षी पूर्ण. मुलाचं म्हणणं, हीच धरून तीन टायर घेतले असते तर एक वाचला असता. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे त्याला दाखवले: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर २०१६ चा निघाला, कडेला बारीक भेगा. तो पंक्चरच्या वेळी टायरवाल्यापर्यंत पोचण्यापुरता ठेवला आहे, आलटापालटीत घ्यायचा नाही. आलटापालट दर आठ-दहा हजार किलोमीटरला, चारच टायरची, आणि त्या दिवशी खडूची रेघ मारून पाच फेरे मोजायचे. नानांनी टेप घरीच घेऊन ठेवली आहे.